कॉलेज फुटबॉल: तीन मॅचमध्ये सीझन संपला, सेमी शेवटच्या पंधरा मिनिटांत घालवली, आता पुढच्या वर्षासाठी काय करू?

डावा_बॅक:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे आधीच सांगतो, पण तीन आठवडे झाले ती मॅच डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहून टाकतोय. मी नागपूरच्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, बीएस्सी सेकंड इयर, लेफ्ट बॅक खेळतो. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही सेमीफायनलपर्यंत गेलो, आमच्या कॉलेजसाठी ही लई मोठी गोष्ट होती, आणि तिथे २-१ नी हरलो.

पूर्ण सीझन सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहिल्या राऊंडला बाय मिळाला, म्हणजे न खेळताच पुढे गेलो. दुसऱ्यात ४-० नी जिंकलो, समोरच्यांकडे धड अकरा जण पण नव्हते, नऊ जण घेऊन उतरले होते त्यामुळे त्या मॅचचं सांगण्यासारखं काही नाही. क्वार्टरला १-१ झालं आणि टायब्रेकरवर ४-३ नी काढली, आमच्या कीपरनी दोन किक अडवल्या. मग सेमी. ३५-३५ मिनिटांचे हाफ होते, म्हणजे तीन मॅच मिळून २१० मिनिटं, साडेतीन तास. जुलैपासून रोज सकाळी पावणेसहाला ग्राऊंडवर, चिखलात, आठ वाजता प्रॅक्टिकल असायचं तर तसेच मळक्या पायानी लॅबमध्ये जायचो, आणि सीझन किती, तर साडेतीन तास.

सेमीत विसाव्या मिनिटाला आमच्या राईट विंगनी क्रॉस टाकला आणि सेंटर फॉरवर्डनी हेडरवर गोल केला, असा गोल आम्ही प्रॅक्टिसमध्ये पण कधी मारला नव्हता. पंचावन्नाव्या मिनिटापर्यंत आम्ही पुढे होतो. छप्पनाव्या मिनिटाला माझ्याच बाजूनी त्यांचा थ्रो होता, त्यांचा फॉरवर्ड आमच्या सगळ्या बॅकच्या मागे एकटा उभा, मी हात वर केला, स्टॉपरनी (आमचा मधला बॅक) हात वर केला, आम्ही चौघं ऑफसाइड ऑफसाइड (म्हणजे बॉल येताना तो बॅकच्या मागे जाऊन उभा, हे चालत नाही) ओरडत उभे राहिलो आणि त्यानी आरामात थ्रो छातीवर घेऊन गोल मारला. लाइन्समननी झेंडा उचललाच नाही. त्यानंतर आमची टीम जी खाली बसली ती बसलीच. सहासष्टाव्या मिनिटाला कॉर्नर, आमच्या स्टॉपरच्या पोटरीत गोळा आला होता, तो उडीच मारू शकला नाही, त्याच्या डोक्यावरून गोल. बेंचवर तीन जण होते, एक प्रॅक्टिकल देऊन तसाच पळत आलेला, एकाकडे बूट नव्हते, एक फर्स्ट इयरचा पोरगा ज्याला मी घाबरून उतरवलं नाही. ते माझ्या मनाला जास्त लागलंय.

मॅच संपल्यावर आमचा कीपर पोस्टला टेकून बसला होता तो अर्धा तास उठला नाही. तो कामठीहून येतो, सकाळी पाचला घरून निघतो. त्याला काय बोलायचं ते मला कळलं नाही.

आता प्रश्न विचारतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत जे झालं ते फक्त स्टॅमिनाचं होतं का, की आमचं अजून काही चुकतंय? दुसरं म्हणजे आता हिवाळी परीक्षा, मग उन्हाळी, मग सुट्ट्या, पुढच्या जुलैपर्यंत पोरं एकत्र ठेवायची कशी? लिस्टवर अठरा नावं आहेत, प्रॅक्टिसला कधी अकरा कधी सात. आमचा सेंटर हाफ संध्याकाळी पार्सल डिलिव्हरीचं काम करतो, त्याला मी कोणत्या तोंडानी रोज ये म्हणू. पुढचं वर्ष माझं शेवटचं आहे. जे खेळले आहेत किंवा शिकवतात त्यांनी प्लीज सांगा.


कामठीवाला_स्टॉपर:

भाऊ तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी स्टॉपरच खेळत होतो, बारा वर्षं क्लबकडून खेळलो, आता गुडघा साथ देत नाई म्हणून पोट्ट्यायले खेळवतो.

पह्यले एक गोष्ट सांगतो, राग मानू नको. तुमची टीम सेमीत थकून हरली असं तुले वाटून रायलं, पण तुमी पुढे असतांनी मॅच कशी सांभाळा लागते हे तुमाले मालूमच नव्हतं. मालूम होईन कसं? ४-० वाली तर मॅचच नव्हती. १-० नी पुढे आहो आणि पंधरा मिनिटं काढा लागतात, अशी वेळ तुमच्या टीमवर वर्षभरात कितीदा आली होती? एकदाच, त्या सेमीत. जे काम पोट्ट्यांनी आयुष्यात पह्यल्यांदा केलं ते चुकणारच. आमच्या इथं पंधरा वर्षाचं पोट्टं सुद्धा जिंकत असलं की बॉल कॉर्नरकडे घेऊन जाते, थ्रो घ्यायले सावकाश चालत जाते, फाउल मिळाला की बॉलजवळ उभं रायते. ते कोणी पुस्तकातून शिकवलं नाई. हप्त्यातून दोन मॅच खेळून खेळून आलं.

कामठी म्हणजे छावणीचं गाव, १८२१ पासूनची छावणी आहे, आणि इथं फुटबॉल घराघरात आहे. रब्बानी क्लबचं नाव तू ऐकलंच असशीन. आपल्या नागपूर जिल्ह्याच्या लीगमंधी रब्बानी, राहुल क्लब, यंग मुस्लिम, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, अशा टीमा खेळतात, मोतीबागच्या रेल्वे ग्राऊंडवर लीगची मॅच असली की नुसता बघायले जा. पोट्ट्यायले घेऊन जा, तिकीट लागत नाई, चहाचे पैसे ठेव. आणि बघतांनी बॉलकडे बघायचं नाई, लेफ्ट बॅक आहेस ना, तर फक्त लेफ्ट बॅककडे बघ, बॉल दुसऱ्या बाजूले असला तर तो कुठं उभा रायते ते बघ. नव्वद मिनिटं एकाच माणसाले बघ. मी असाच शिकलो.

मॅच पायजे असन तर मागा. कामठीतल्या कोणत्याबी क्लबच्या ग्राऊंडवर संध्याकाळी पाच वाजता जाऊन म्हणा की आमी कॉलेजची टीम हाओ, रविवारी सकाळी खेळता का. कोणी नाई म्हणणार नाई. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आहे, तिथून पुढं ऑटो. पह्यल्या मॅचले पाच गोल खासान. दुसऱ्याले तीन. खा. मार्चपर्यंत दहा मॅच झाल्या ना तर त्या सेमीतल्या पंधरा मिनिटाचं भेव आपोआप जाते.

आणि त्या कीपरले सोडू नका. पाच वाजता घरून निघणारं पोट्टं लाखात एक असते.


शिट्टी_पिवळं_कार्ड:

मी जिल्हा पातळीवर रेफरी म्हणून काम करतो म्हणून फक्त त्या पहिल्या गोलाबद्दल बोलतो. लाइन्समन बरोबर होता.

थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतोच. नियम क्रमांक ११ मध्ये स्पष्ट आहे, तीन ठिकाणी ऑफसाइडचा गुन्हा होत नाही, थ्रो-इन, कॉर्नर किक आणि गोल किक. फॉरवर्ड तुमच्या कीपरच्या शेजारी जाऊन उभा राहिला तरी चालतो. फ्री किकवर मात्र ऑफसाइड आहे, इथे पोरांचा नेहमी घोळ होतो. म्हणजे तुम्ही चौघांनी ज्या गोष्टीसाठी हात वर केला ती गोष्ट नियमात अस्तित्वातच नव्हती. समोरच्या टीमच्या कोचला हे माहिती होतं म्हणूनच त्यानी फॉरवर्डला तिथे उभं केलं असणार, कारण थ्रोवर मागे जाऊन उभं राहणं ही शिकवलेली गोष्ट असते, आपोआप कोणी जात नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो कारण कॉलेजच्या मॅचमध्ये या मी सारख्या बघतो. गोल किक घेताना आपल्याच खेळाडूनी पेनल्टी बॉक्सच्या बाहेर थांबायची गरज २०१९ पासून नाही, बॉल किक होऊन हलला की खेळ सुरू, तुमचा स्टॉपर बॉक्सच्या आत पास घेऊ शकतो. विरुद्ध टीमनी मात्र बॉल खेळात येईपर्यंत बाहेर थांबायचं. तुम्ही पुढे असताना, पोरं थकलेली असताना, कीपरनी दर वेळी लांब किक मारून बॉल समोरच्याला देऊन टाकण्यापेक्षा हे वापरा, अर्थात ग्राऊंड चिखलाचं नसेल तरच, नाहीतर बॉक्समध्येच बॉल अडकेल आणि पस्तावाल.

दुसरं टायब्रेकरचं. किक मारली जाते त्या क्षणी कीपरच्या एका पायाचा निदान थोडा भाग गोल लाइनवर, लाइनच्या वर हवेत किंवा मागे असायला हवा, एका पायाची ही सूटही २०१९ चीच. तुमचा कीपर दोन अडवतो म्हणजे चांगला आहे, पण तो पुढे उडी मारत असेल तर एखाद्या दिवशी अडवलेली किक रेफरी परत घ्यायला लावेल, पहिल्यांदा ताकीद आणि पुन्हा केलं तर पिवळं कार्ड. प्रॅक्टिसला कोणाला तरी लाइनवर उभं करून बघायला सांगा.

आणि एक मनापासून सांगतो, हात वर करून उभा राहिलेला बॅक मला सगळ्यात जास्त वाईट वाटायला लावतो. आम्ही झेंडा उचलला तर शिट्टी वाजेल, तोपर्यंत माणूस पकडा ना रे.


डावा_बॅक:

सर मला खरंच माहिती नव्हतं. सहा वर्षं फुटबॉल खेळतोय आणि थ्रोवर ऑफसाइड नसतो हे आज कळलं. आत्ता ग्रुपवर टाकलं तर स्टॉपर पण म्हणतो की त्याला पण माहिती नव्हतं, आणि आम्ही त्या दिवसापासून लाइन्समनला बोल लावत होतो. चूक झाली.

कामठीवाले दादा, तुम्ही जे पुढे असताना मॅच काढायचं म्हणालात ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. बरोबर आहे. १-० झाल्यावर पण आम्ही दुसरा गोल मारायलाच पळत होतो, मी स्वतः लेफ्ट बॅक असून तीनदा त्यांच्या बॉक्सपर्यंत गेलो.


मैदानावरचे_सर:

मी एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत होतो, आता निवृत्त आहे. कॅप्टन, तुझं लिहिणं आवडलं. वरच्या दोघांनी खेळाचं आणि नियमाचं सांगितलं, मी शरीराचं आणि कॅलेंडरचं सांगतो, कारण नागपूरच्या हवेत फुटबॉल खेळायचा तर हवा आधी समजून घ्यावी लागते.

तुम्ही जुलैत सुरुवात करता आणि तीच चूक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपलं ग्राऊंड काळ्या मातीचं, ती पाणी पिऊन फुगते, बुटाला किलोभर चिखल चिकटतो, त्या मातीत ना वेग वाढवता येत ना पासिंग शिकवता येत, पोरं फक्त मांड्या दुखवून घेतात. पाऊस संपला की तीच माती आकसते, भेगा पडतात, आणि वर मुरूम टाकला असेल तर पडलं की गुडघ्याची सालं निघतात, घोटे मुरगळतात. आपल्याकडे खेळायला खरं चांगलं ग्राऊंड मिळतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी थंडी असते, दहा अंशांच्या आसपास जातं कधीकधी, पोरं उठत नाहीत हे खरं, पण दम वाढवायचा तो या चार महिन्यांत. तुमच्या हिवाळी परीक्षा मध्ये येतात. परीक्षेच्या काळात आठवड्यातून दोनच दिवस या, पण तुटू देऊ नका, दोन महिने पूर्ण थांबलात की पुन्हा पहिल्यापासून.

एप्रिल-मे मध्ये ४५ अंशांत कोणालाही दुपारी पळवू नका, संध्याकाळी सहानंतर सुद्धा जमीन तापलेली असते. पहाटे साडेपाच ते साडेसहा, बस. तेव्हा पळण्यापेक्षा पोटाचे, पाठीचे, मांडीचे व्यायाम करा. आणि पाणी घेऊन या, त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस, लिंबू असेल तर उत्तमच. तुझ्या स्टॉपरच्या पोटरीत गोळा आला ना, तो दमल्यामुळे येतो, आणि घामातून पाणी-मीठ गेलेलं असेल तर लवकर येतो. मॅचच्या दिवशी सकाळी तो काय खाऊन आला होता ते विचार. मी पैज लावून सांगतो, काहीच नाही किंवा तर्री पोहे. तर्री पोहे मलाही प्रिय आहेत पण ते मॅचनंतर. आधी केळी, पोळी-गूळ, दोन तास आधी.

वॉर्मअपबद्दल. तुम्ही काय करता, ग्राऊंडला दोन चकरा आणि मग गोलवर शॉट मारायला रांग? बहुतेक कॉलेज टीम हेच करतात. फिफा ११+ म्हणून एक वॉर्मअप आहे, फुकट आहे, साहित्य काही लागत नाही, पंधरा व्यायाम आणि वीस मिनिटं. आधी आठ मिनिटं हळू पळणं आणि दिशा बदलणं, मग दहा मिनिटं ताकद, उड्या, तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात पळणं. आठवड्यातून निदान दोनदा नियमानी केलं तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. त्यातला एक व्यायाम आहे, गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानी घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी पोरं तोंडावर पडतात. सहा आठवडे करा, मांडीची मागची नस धरायचं प्रमाण किती कमी होतं ते तुम्हालाच दिसेल.

आता त्या फर्स्ट इयरच्या पोराबद्दल. तू त्याला उतरवलं नाहीस कारण तू त्याला कधी मॅचमध्ये बघितलंच नव्हतं. ही तुझी एकट्याची चूक नाही, आपल्या पद्धतीचीच आहे, नॉकआउटमध्ये कोणी रिस्क घेत नाही आणि मग बेंचवरची पोरं वर्षभर बेंचवरच म्हातारी होतात. म्हणून प्रॅक्टिस मॅच हव्यात. त्यात हरलात तरी चालतं, सगळ्या अठरा जणांना खेळवता येतं. आणि स्पर्धेच्या नियमात किती बदली खेळाडू चालतात ते आधी वाचून ठेवा, मी असे कॅप्टन बघितलेत ज्यांना मॅच संपल्यावर कळलं की अजून दोघांना उतरवता आलं असतं.

कीपरला विद्यापीठाच्या निवड चाचणीला पाठवलंत की नाही? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची टीम पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, त्यातून वर गेलेल्या टीम अखिल भारतीयला सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफीसाठी खेळतात. एकदा पोरगा तिथे जाऊन केरळ-बंगाल-पंजाबची पोरं बघून आला ना की तो परत येऊन तुमच्या टीमला जे सांगेल ते मी दहा वर्षं शिकवून सांगू शकणार नाही.


राईट_विंग_ताई:

मी मुलींच्या टीमकडून तीन वर्षं खेळले, आता नोकरी करते. पोरं एकत्र कशी ठेवायची हा तुझा प्रश्न वरच्या कोणी घेतला नाही म्हणून मी लिहितेय, कारण आमच्याकडे तर तोच एक प्रश्न होता.

आमच्या लिस्टवर तेरा मुली होत्या आणि प्रॅक्टिसला सहा. कुणाचे वडील सकाळी अंधारात पाठवायचे नाहीत, कुणाला सकाळी घरी डबे करायचे असायचे, एक वर्धा रोडच्या पार पलीकडून दोन बस बदलून यायची. पहिल्या वर्षी आमची कॅप्टन रोज चिडायची, जी आली नाही तिला ग्रुपवर बोलायची, मग ती मुलगी अजूनच यायची बंद. दुसऱ्या वर्षी आम्ही एक गोष्ट बदलली, अकरा जणी आल्या तरच प्रॅक्टिस हा हट्ट सोडला. सहा आल्या तर तीन-तीन. आठ आल्या तर चार-चार, छोटं ग्राऊंड, बॅगा ठेवून गोल, कीपर नाही. आणि खरं सांगू, त्यात बॉल पायाला इतका लागतो की मोठ्या मॅचच्या दहापट. अकरा-अकरामध्ये मी विंगला उभी राहून वीस वीस मिनिटं नुसती बघत बसायचे.

आपल्या नागपुरातच याचं मोठं उदाहरण आहे. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे सर, त्यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरं बघितली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, त्याचं पुढे स्लम सॉकर झालं, तिथली पोरं होमलेस वर्ल्ड कपला गेली. तो वर्ल्ड कप चार-चार जणांचा असतो, छोट्या कोर्टवर. म्हणजे अकरा जण, हिरवं ग्राऊंड, जाळी, हे सगळं असल्याशिवाय फुटबॉल होतच नाही असं काही नाही ना.

तुझा तो डिलिव्हरी करणारा सेंटर हाफ, त्याला रोज बोलावू नकोस. त्याला विचार की तुला आठवड्यातले कोणते दोन दिवस जमतात, आणि मग टीमची मेन प्रॅक्टिस त्या दोन दिवशी ठेव. आमच्या डबे करणाऱ्या मैत्रिणीसाठी आम्ही शनिवार-रविवार धरला होता, तिला इतकं बरं वाटलं की ती एकही दिवस चुकली नाही. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याचं पण बघा. त्याला सगळ्यांसमोर पैसे देऊ नका, त्याला ते नको वाटेल. आम्ही टीमची एक पिशवी केली होती, पास आउट झालेल्या सीनिअर्सचे जुने बूट, शिनगार्ड, सगळं त्यात, ज्याला जे येईल ते घाला, कोणाचं काय हे कोणी विचारायचं नाही. मी स्वतः तीन वर्षं दुसऱ्या कोणाच्या तरी बुटात खेळले, अजून ठेवलेत.


लीग_खेळा:

सगळे प्रॅक्टिस मॅच प्रॅक्टिस मॅच करताहेत, पण सरळ जिल्ह्याच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला टीम का नाही टाकत? नोंदणी करा, मग वर्षभर मॅचच मॅच. प्रॅक्टिस मॅचला कोणी सिरीयस घेत नाही, अर्धे जण येत नाहीत, स्कोअर पण कोणी लक्षात ठेवत नाही. पॉइंट टेबल असलं की पोरं झक मारत येतात.


कामठीवाला_स्टॉपर:

लीगवाले भाऊ, बरोबर आहे तुमचं पण एक अडचण हाये. या कॉलेजच्या टीमातले चांगले तीन-चार पोट्टे कोणत्या ना कोणत्या क्लबकडून नोंदलेले असन, तो कीपर तर शंभर टक्के असन, कामठीचा आहे म्हटल्यावर. मंग ते लीगमंधी कॉलेजकडून कसे खेळतीन? उरलेल्यायले घेऊन लीग खेळसान तर ती टीमच दुसरी झाली. आणि लीगचा खर्च, ड्रेस, येणंजाणं, सेकंड इयरच्या पोट्ट्यानं कुठून आणा? पह्यलं वर्ष दहा मॅच खेळू द्या. मंग लीगचं बघा.

आणि सिरीयस घेत नाई म्हणता, तर एक सांगतो, आमच्या इथं रविवारच्या मॅचमंधी बी हरलेली टीम जिंकणाऱ्याले नाश्ता देते. लय सिरीयस होतात.


लीग_खेळा:

क्लब नोंदणीचं माझ्या डोक्यात नव्हतं, मान्य. पण मग एक करा, प्रॅक्टिस मॅचचा हिशोब वहीत लिहा, तारीख, टीम, स्कोअर, कोण किती मिनिटं खेळलं, गोल कोणत्या मिनिटाला खाल्ला. मी आमच्या ऑफिस टीमचं लिहायला लागलो तेव्हा दिसलं की आम्ही निम्म्याहून जास्त गोल हाफटाइमनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत खात होतो. बसून पाणी पिऊन गप्पा मारून थंड होऊन उतरायचो. आता तीन मिनिटं आधी उठून पळतो.


मैदानावरचे_सर:

वहीचं एकदम बरोबर. आणि वही कॅप्टननी लिहू नये, त्या फर्स्ट इयरच्या मुलाला लिहायला द्या. तो बेंचवर बसून मॅच बघायला शिकेल, आणि पुढच्या वर्षी तू पास आउट झालास की टीममध्ये कोणाला तरी हे सगळं माहिती असेल.


डावा_बॅक:

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण काही गोष्टी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काल कीपरसोबत कामठीला गेलो होतो. तो आधी नको म्हणत होता, त्याच्या क्लबवाल्यांसमोर आमच्या टीमनी पाच गोल खाल्ले तर त्याला लाज वाटेल म्हणाला. मग मी त्याला स्टॉपर दादांची पोस्ट वाचायला दिली, लाखात एक वाली. काही बोलला नाही, मोबाईल परत दिला आणि म्हणाला चल. संध्याकाळी पाचला पोचलो, तिथे दहा-बारा वर्षांची पोरं पण काय फर्स्ट टच घेत होती, मी बघतच राहिलो. रविवारची मॅच ठरली. विद्यापीठाच्या चाचणीला तो जाऊन आलाय, लिस्ट अजून लागायची आहे.

सेंटर हाफला विचारलं, तो म्हणाला बुधवार आणि रविवार सकाळ. तर मेन प्रॅक्टिस बुधवार आणि रविवार. बाकी दिवशी जेवढे येतील तेवढ्यात तीन-तीन, चार-चार. बुटांच्या पिशवीसाठी दोन सीनिअर्सना फोन केला, एकानी तीन जोड देतो म्हटलं, आठ, नऊ आणि नऊ नंबरचे. स्टॉपरला विचारलं त्या दिवशी काय खाल्लं होतं. तर्रीच होती सर.

फर्स्ट इयरवाल्याला वही दिली आहे. त्याला मी सॉरी पण म्हटलं, सेमीत उतरवलं नाही म्हणून. तो म्हणाला दादा मी पण घाबरलोच होतो. रविवारी तो पहिल्या मिनिटापासून खेळणार आहे, राईट बॅकला, आमचा रेग्युलर राईट बॅक बसेल आणि त्या हाफची वही तो लिहील.

सोळा जणांनी येतो म्हटलंय. सकाळी पावणेसहाला ऑटोमोटिव्ह चौकात जमायचं, मेट्रो तेवढ्या लवकर मिळेल का याचा भरवसा नाही म्हणून गाड्यांवर डबल सीट जाणार, साडेसहाला मॅच. आमच्याकडे दोन बॉल आहेत, एकाची हवा टिकत नाही. स्टॉपर दादा, तुम्ही ग्राऊंडवर असाल तर पंप घेऊन याल का?


कामठीवाला_स्टॉपर:

पंप आणतो. बिब, म्हणजे ड्रेसवरून घालाचे रंगीत बनियान, ते पण आणतो, तुमचा आणि त्यायचा दोघायचा ड्रेस निळाच असन तर पंचाईत व्हायची. आणि पहिला थ्रो तुमच्या बाजूनं गेला की मी लाइनवरून ओरडतो, हात खाली म्हणून.